जुनं शिलाई मशीन भंगारात घालण्याआधी त्याला तेल घालून बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

गेल्या महिन्यात घरातला गंजलेला कूलर द्यायला मिरज रोडला भंगारवाल्याकडं गेलो होतो. माझ्या पुढं एक पोरगा होता, बाईकवरनं पोतं घेऊन आलेला. त्यानं पोतं काट्यावर ठेवून तोंड सोडलं तर आत काळं शिलाई मशीन, नुसतं वरचं हेड, खाली स्टँड नाही, पाटा नाही. काट्यावर साडेअकरा किलो आलं. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा भाव तीस रुपये किलो, म्हणजे तीनशे पंचेचाळीस रुपये, पोरानं पैसे खिशात घातले. मी विचारलं बाबा स्टँड कुठाय, तर म्हणाला स्टँड हायवेच्या एका हॉटेलवाल्यानं नेला, त्याला टेबल करायचीत, हेड नको म्हणाला. मशीन कुणाचं विचारलं तर म्हणाला आज्जीचं. गेला.

भंगारवाल्यानं ते हेड उचललं आणि मागच्या ढिगावर टाकायला वळला, मी म्हणलं भाऊ थांब, पाचशे देतो, मला दे. तो म्हणाला काका जाम आहे ते, चाक फिरत नाही, कशाला पैसे घालवताय. म्हणलं असू दे. बीड वरनं टाकलं की तडकतं आणि तडकलेलं बीड परत धड सांधता येत नाही, आणखी एक मिनिट उशीर झाला असता तर ते मशीन खरोखरच भंगार झालं असतं.

मी एसटीच्या वर्कशॉपला ३१ वर्षं मेकॅनिक होतो, आता रिटायर होऊन चार वर्षं झाली. शिलाई मशीनचा नाद मला वर्कशॉपमध्येच लागला, तिथं सीटची कव्हरं शिवायचा एक सेक्शन होता आणि तिथले एक उस्ताद मला दुपारच्या सुट्टीत त्यांचं मशीन उघडून दाखवायचे. पण त्या दिवशी भंगाराच्या दुकानात माझा पाय अडला त्याचं कारण वेगळं आहे आणि ते मी आत्तापर्यंत घरात सोडून कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या आईचं पायमशीन मी स्वतः विकलंय. १९९६ साली आम्ही खणभागातलं भाड्याचं घर सोडून विश्रामबागला फ्लॅटमध्ये आलो, दोन खोल्या, म्हणलं मशीन कुठं ठेवायचं, आणि दारावर आलेल्या माणसाला अडीचशे रुपयाला देऊन टाकलं. वडील माधवनगरला मिलमध्ये होते, मिल कधी चालू कधी बंद, त्या दिवसांत ह्याच मशीनवर आईनं अख्ख्या गल्लीची पोलकी, झबली, परकर, उशीचे अभ्रे शिवून घर चालवलं होतं. मशीन दिलं त्या दिवशी आई काहीच बोलली नाही. फक्त त्या माणसाला थांब म्हणाली, ड्रॉवर उघडला आणि आतलं सगळं एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात ओतून डबा घेऊन आत गेली.

असो. तर मशीन घरी आणलं, बाल्कनीत जुन्या चादरीवर ठेवलं. वरची धूळ पुसल्यावर सोनेरी वेलबुट्टी दिसायला लागली आणि मशीनच्या आडव्या हातावर सिंगर अशी अक्षरं. खाली हेडच्या बैठकीच्या उजव्या अंगाला नंबर होता, इंग्रजी ई पासून सुरू होणारी दोन अक्षरं आणि पुढं आकडे. अशा नंबराच्या मशीनी स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात झालेल्या असतात. तो कारखाना १९८० ला बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजसुद्धा सिंगरच आहे. कुठलं स्कॉटलंड आणि कुठं आमचा मिरज रोडचा काटा, मला त्या दिवशी खरंच गलबलून आलं.

आता लोकांना जे सांगायचंय ते नीट सांगतो कारण ह्यासाठीच पत्र लिहायला बसलोय. जाम झालेलं मशीन बहुतेक वेळा बिघडलेलंच नसतं. आपल्याकडं हाताला येईल ते तेल मशीनमध्ये घालतात, खोबरेल, गोडेतेल, काही घरांत तर समईतलं उरलेलं सुद्धा, आणि हे खायचं तेल आत वाळून लाखेसारखं घट्ट बसतं, वर्षभर मशीन बंद राहिलं की चाक हलत नाही, आणि घरचे म्हणतात गेलं मशीन. पार्ट झिजलेला नसतो, मोडलेला नसतो, नुसता चिकटलेला असतो. अशा वेळी चाकाला जोर लावायचा नाही, पाना लावून तर अजिबातच नाही. मी सुई, फूट म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, सुईखालची प्लेट, बॉबिन केस म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी, सगळं काढून घेतलं आणि जिथं जिथं लोखंडावर लोखंड घासतंय तिथं डिझेलचा एकेक थेंब सोडला. पूर्वी ह्याला आम्ही रॉकेल वापरायचो, आता रॉकेल बघायला मिळत नाही. वर तेलाची भोकं असतात, तोंडाची पट्टी काढली की आत सुईचा दांडा दिसतो तिथं, आणि हेड आडवं केलं की खाली सगळ्यात जास्त जागा, तिथंच लोक तेल घालायचं विसरतात. हे काम बाहेर मोकळ्यावर करायचं, गॅसजवळ किंवा देवघराजवळ नाही, आणि पेट्रोल तर अजिबात वापरायचं नाही.

पहिल्या दिवशी काहीच हललं नाही. दुसऱ्या दिवशी सूनबाईचा केस वाळवायचा ड्रायर घेतला आणि एकेका सांध्याला गरम हवा दिली, परत डिझेल, परत हवा. संध्याकाळी चाक अंगठ्याएवढं सरकलं आणि थांबलं. म्हणलं आता सुटणार. पुढं मागं, पुढं मागं, बोटानं, जोर न लावता. तिसऱ्या दिवशी सुईखाली दोरा पकडणारं शटल असतं त्याच्या घरातनं चिमट्यानं दोऱ्याची एक काळी गोळी निघाली, हरभऱ्याएवढी, आणि त्या गोळीत तुटलेल्या सुईचं टोक. एवढंसं टोक, तांदळाच्या कणीएवढं, त्यापायी साडेअकरा किलोचं मशीन काट्यावर गेलं होतं.

चाक फिरायला लागलं तर नवीन लफडं, चाक फिरतंय पण सुई वर खाली होत नाही. हे मात्र मला उस्तादांनी शिकवलेलं होतं. चाकाच्या मधोमध जो मोठा गोल स्क्रू असतो ना, बॉबिन भरताना आपण ढिला करतो तो, त्याच्या मागं एक वॉशर असतं, त्याला आतल्या बाजूला दोन छोटे कान असतात. ते वॉशर उलटं बसलं की कितीही आवळा, चाक नुसतं गरगर फिरतं. काढायचं, अर्धा फेरा फिरवून परत बसवायचं, झालं. ह्याच्यासाठी मी लोकांना तीनशे-चारशे रुपये देताना बघितलंय, आणि काही जण तर मेकॅनिकच मिळत नाही म्हणून मशीन गुंडाळून माळ्यावर टाकतात.

नंतर मशीनचं पातळ तेल सगळीकडं दिलं, हात दुखेस्तोवर चाक फिरवलं, काळं पाणी गळायचं थांबलं तेव्हा पुसलं. सोनेरी बुट्ट्यांना मात्र थिनर लावू नका कुणी, पॉलिश पेपर तर नकोच, एका ओळखीच्या माणसानं हौसेनं घासून स्प्रे मारला आणि वेलबुट्टी कायमची गेली. ओल्या फडक्यानं पुसायचं, मग लगेच कोरड्या. वर थोडं मशीनचंच तेल.

आणि मग बॉबिन पाहिजे होती. भंगारातल्या मशीनला बॉबिन केस होती पण बॉबिन नव्हती. पेठेत जाऊन आणणार होतो तेवढ्यात आमच्या मंडळी म्हणाल्या, आईंचा डबा आहे की.

आई २०११ ला गेली. तो पत्र्याचा डबा मंडळींनी कपाटात वरती ठेवला होता, मी पंधरा वर्षांत कधी उघडला नव्हता. आत नऊ बॉबिनी, एक छोटा स्क्रूड्रायव्हर, दुमड घालायचा एक फूट, टेलरचा निळा खडू झिजून बोटाच्या नखाएवढा राहिलेला, आणि सुयांची एक पुडी, सगळ्या गंजलेल्या. आठ बॉबिनी रिकाम्या आणि नववीवर खाकी दोरा. माझ्या शाळेच्या हाफपँटचा दोरा साहेब. जरासा ओढून बघितला तर कुजलेला होता, तुटला. ती बॉबिन मी परत डब्यात ठेवली. दुसरी एक घेतली, पुसली, नवीन दोरा भरला आणि केसमध्ये टाकली तर टिच्चून बसली, जशी काय ह्याच मशीनची.

आईचं मशीन हिंदुस्थानी होतं, उषा. आणि हे स्कॉटलंडचं सिंगर. तरी एकाची बॉबिन दुसऱ्याला कशी बसली, तर आपल्याकडं घराघरात जी काळी मशीनं दिसतात ती बहुतेक सगळी सिंगरच्या १५ नंबरच्या नमुन्यावर बनलेली आहेत. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगनं १९३० च्या दशकात देशी मशीन बनवायला घेतलं आणि लाला श्रीराम ह्यांनी ती कंपनी पुढं मोठी केली, तेच उषा. नंतर लुधियानात असे कारखाने गल्लोगल्ली झाले आणि सुटे भाग तर आजही मुख्यतः तिथनंच येतात. नमुना एकच राहिल्यामुळं साठ वर्षांपूर्वीच्या मशीनला आज दुकानात मिळणारी बॉबिन चालते, सुई चालते, केस चालते. दहा-वीस रुपयांत बॉबिन मिळते. आज घेतलेल्या मोबाईलचा चार्जर पाच वर्षांनी मिळेल का सांगा.

ह्यातली मूळ युक्ती किती साधी आहे बघा. हातानं शिवायच्या सुईला भोक मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईला ते पुढच्या टोकाशी असतं. एलियास हाऊ ह्या माणसानं १८४६ साली अमेरिकेत ह्या पद्धतीच्या मशीनचं पेटंट घेतलं आणि सिंगरचं पेटंट १८५१ चं. सुई कापडातनं खाली जाते, परत वर यायला लागली की दोऱ्याला छोटा फुगा येतो, तेवढ्यात शटलचा आकडा तो फुगा पकडतो आणि बॉबिनच्या भोवतीनं फिरवून आणतो, वरचा दांडा दोरा खेचून घेतो आणि दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात बसते. मी नातीला हे दाखवलं, प्लेट काढून, चाक एकदम हळू फिरवत. सातवीत आहे ती. वर लाल दोरा आणि खाली पांढरा घातला आणि मांजरपाटाच्या तुकड्यावर टीप मारली, वरच्या बाजूला पांढरा ठिपका दिसला नाही पाहिजे आणि खालच्या बाजूला लाल दिसला नाही पाहिजे, तर टाका बरोबर. आमच्या पहिल्या टीपेला खाली लाल दोऱ्याची नुसती झालर आली. लोक अशा वेळी बॉबिन केसचा बारका स्क्रू पिळत बसतात आणि सगळंच बिघडवतात. खाली गुंता आला की चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते. फूट वर उचलून मग दोरा ओवायचा असतो म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्या मध्ये बसतो, फूट खाली असताना ओवला तर तो नुसता वरनं जातो. नातीनं फूट उचललं, परत ओवला, आणि दुसरी टीप अशी सरळ आली की काय सांगू. सुईचंही तसंच, एका अंगाला सपाट आणि दुसऱ्या अंगाला लांब खाच, खाचेच्या बाजूनंच दोरा आत घालायचा. सुई उलटी बसवली की टाकाच पडत नाही आणि मग मशीनला नावं.

आता पुराचं सांगतो, कारण सांगलीकरांना ते लगेच कळेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी तिथं ४५ आहे. गावभागात आमच्या नात्यातल्या एक काकू आहेत, ब्लाऊज शिवतात, त्यांच्या घरात आठवडाभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो. त्यांच्याकडं दोन मशीनी, एक सहा महिन्यांपूर्वी हप्त्यावर घेतलेलं मोटरचं, पांढरं, आणि एक त्यांच्या सासूबाईंचं पायमशीन. पांढरं मशीन कंपनीच्या माणसानं बघितलं आणि सांगितलं की मोटर गेली, बोर्ड गेला, आतले प्लॅस्टिकचे गिअर गाळानं खाल्ले, दुरुस्तीपेक्षा नवीन घ्या. त्याची चूक नाही, ते मशीनच तसं बनवलेलं असतं. पायमशीन आम्ही अंगणात उघडलं, आधी स्वच्छ पाण्यानं धुतलं, म्हणजे गाळाचा बारीक रेव निघून जावा, लगेच पुसून उन्हात, मग डिझेल, मग तेल. चामड्याचा पट्टा कुजला होता, नवीन घातला, पट्ट्याची क्लिप जुनीच. पाटा सागवानी म्हणून टिकला, नुसता पॉलिश उडाला. चौथ्या दिवशी काकू मशीनवर बसल्या. त्यांच्या गल्लीत लाईट यायची होती अजून. त्या आठवड्यात त्यांनी दारात मशीन टाकून लोकांच्या आलेल्या मदतीच्या कपड्यांना टिपा मारून दिल्या, कुणाचा परकर आखूड करायचा, कुणाचा पायजमा आत घ्यायचा, एक रुपया घेतला नाही. मी तिथं उभा राहून ते बघितलंय. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा काकूंनी पहिलं काय वर हलवलं असेल तर ते हेड, दोन स्क्रू ढिले केले की हेड पाट्यातनं सुटतं, पायात जोर असलेला माणूस एकटा माळ्यावर नेऊ शकतो. नदीकाठच्या लोकांनी हे लक्षात ठेवा.

ह्याचा अर्थ जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही. ह्या मशीनीवर सरळ टीपच बसते. झिगझॅग नाही, काज करायचे तर हातानं नाहीतर वेगळं जोडणं लावून. लेगिंग, टीशर्ट असलं ताणणारं कापड घातलं की टाके सुटतात, गोल टोकाची सुई लावली तर थोडं बरं पडतं. ज्याला बुटिक चालवायचंय, इंटरलॉक पाहिजे, त्यानं नवीनच घ्यावं. आणि गुडघे दुखतात त्यांनी मागं छोटी मोटर लावून घ्यावी, टेलर लोक लावतातच, फक्त वायर नवी आणि अर्थिंग नीट. पण घरात फाटलेलं शिवणं, पडदे, अभ्रे, पिशव्या, जीन्सची खालची दुमड, ब्लाऊज, फ्रॉक ह्याला हे मशीन अजून पन्नास वर्षं पुरेल. जीन्सला १६ नंबरची सुई घाला, पातळ कापडाला ११, एवढं केलं तरी निम्म्या तक्रारी जातात.

अजून एक गोष्ट बोललीच पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरतं की जुन्या सिंगर मशीनमध्ये रेड मर्क्युरी म्हणजे लाल पारा असतं आणि ते लाखो रुपयांना जातं. माझ्याकडं मशीन आल्याचं कळल्यावर दोन पोरं आली आणि सुईजवळ मोबाईल धरून बघायला लागली, रेंज गेली तर माल आहे म्हणे. ही अफवा २००९ साली सौदी अरेबियात उठली होती, तिथं लोकांनी वेड्यासारखे पैसे मोजले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. मशीनमध्ये बीड असतं, पोलाद असतं, थोडं पितळ असतं, बाकी काही नसतं. सिंगरच्या मशीनी कोट्यवधी बनल्यात, त्या दुर्मिळ नाहीत. ह्या अफवेमुळं लोक एकतर मशीन कडीकुलपात ठेवून गंजवतात नाहीतर लाख येत नाहीत म्हणून चिडून भंगारात घालतात. चालू स्थितीतलं मशीन स्टँडसकट मी दोन-तीन हजारांत जाताना बघितलंय, तेवढीच त्याची किंमत धरा. आणि हॉटेलवाल्यांना, इंटेरिअरवाल्यांना हात जोडून विनंती आहे, स्टँडचं टेबल करायचं तर करा, दिसतं छान, पण हेड फेकू नका. पाट्यात बसवून कुणाला तरी द्या, किंवा टेबलावरच बसवलेलं राहू द्या.

गांधीजी यंत्रांच्या हव्यासावर किती बोलायचे सगळ्यांना माहीत आहे, पण १९२४ साली त्यांना कुणी विचारलं की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का, तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनचं नाव घेऊन सांगितलं की हा अपवाद आहे. मला हे वाचलं तेव्हा आई आठवली. मिल बंद असताना आमच्या घरात चूल ह्याच यंत्रावर पेटायची.

आता संपादक साहेब, तुमच्या पेपरनं लावून धरावं असं एक काम आहे. सरकारी योजनांतनं दरवर्षी महिलांना शिलाई मशीनं मिळतात, चांगलं आहे, माझा विरोध नाही. २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली, त्यात १८ व्यवसाय आहेत, शिंपी आहे, साहित्यासाठी १५ हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर आहे. पण त्या १८ मध्ये मशीन दुरुस्त करणारा नाही. नवीन मशीन देतो आपण आणि ते बंद पडलं की बाईनं जायचं कुठं ह्याचा विचार कुठंच नाही. आमच्या लहानपणी खणभागात सायकलवर पेटी बांधून मशीनवाला यायचा, हाळी द्यायचा, दारात बसून मशीन खोलायचा. आता सांगली-मिरजेत मिळून ह्या कामाची माणसं शोधावी लागतात, जी आहेत ती माझ्या वयाची किंवा माझ्यापेक्षा मोठी, आणि त्यांच्या हाताखाली पोरगं नाही. मिरजेत सतारीचे कारागीर पिढ्यान् पिढ्या टिकले ते बापानं पोराला हातात पटाशी दिली म्हणून. हे पण हातानं हाताला द्यायचं काम आहे, पुस्तकातनं येत नाही. आणि ज्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला १९१० पासून बिडाचं ओतकाम होतंय तिथं बिडाचं मशीन दुरुस्त करायला माणूस मिळू नये ह्याचं मला वाईट वाटतं.

आयटीआयमध्ये शिवणकामाचा ट्रेड आहे, त्याच्या जोडीला तीन महिन्यांचा दुरुस्तीचा कोर्स काढा, मुलींसाठी सुद्धा, मुलींची बोटं ह्या कामाला फार चांगली. जिल्हा परिषद आणि महापालिकेनं नवीन मशीनच्या अर्जावर एक प्रश्न वाढवावा, तुमच्या घरात जुनं बंद मशीन आहे का, आणि असेल तर ते चालू करून द्यायला हजार-पंधराशे रुपये द्यावेत. नवीन मशीनच्या पैशात चार-पाच घरांची जुनी मशीनं चालू होतील. बचत गटांनी एकेक बाई शिकायला पाठवली तरी गटाची सगळी मशीनं गटातच दुरुस्त होतील. मी शिकवायला तयार आहे, मानधन नको.

भंगारातनं आणलेल्या मशीनला स्टँड नाही, म्हणून सुताराकडनं फळीची बैठक करून घेतली आणि चाकाला हातानं फिरवायचं हँडल बसवलं, दुकानात नवीन मिळतं. नातीनं त्याच्यावर पहिली वस्तू शिवली ती जुन्या जीन्सची पिशवी, तिच्या डब्याची. शाळेतल्या तीन मैत्रिणींनी मागितल्यात, त्यांच्या आयांच्या जुन्या जीन्स घरात येऊन पडल्यात. आणि तो पोरगा, ज्यानं आज्जीचं मशीन काट्यावर घातलं, तो जर हे वाचत असेल तर त्याला सांगायचंय की मशीन चालू आहे, येऊन घेऊन जा, तीनशे पंचेचाळीस रुपये पण परत देऊ नकोस. आज्जी असतील तर त्यांना एकदा आवाज ऐकव.

ज्यांच्या माळ्यावर, जिन्याखाली, गोठ्याच्या कोपऱ्यात असं मशीन आहे त्यांनी रविवारी सकाळी दहाच्या पुढं माझ्याकडं घेऊन यावं. माझा पत्ता आणि फोन तुमच्या ऑफिसला वेगळ्या कागदावर देतोय, विचारतील त्यांना द्या. येताना जुनं सुती फडकं आणा आणि मशीनबरोबरचा डबा असेल तर तो आणायला विसरू नका, त्यात काय काय असतं.

आपला,
एक वाचक, निवृत्त एसटी मेकॅनिक
विश्रामबाग, सांगली